पॉलिशचे पहिले मशीन घेताना

एका आयुष्यमतींनी आम्हांस पत्र लिहिले आहे. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला आहे. हात चांगला आहे, मालकाचा विश्वासही आहे. आता तो म्हणतो, गाड्यांना पॉलिश करण्याचे मशीन घेऊन द्या, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामे घेतो. बचत गटातून आणि घरातून मिळून थोडी रक्कम जमली आहे. दुकानदाराने दोन मशिने दाखविली. एक स्वस्त, वजनदार आणि त्याच्या शब्दांत ‘पॉवरवाले’. दुसरे महाग, आणि चालू केले की नुसते थरथरणारे. शिवाय वीस-बावीस वस्तूंचा एक तयार संच, पिशवीसकट. यातले काय घ्यावे, असे त्या विचारतात.

प्रश्न एका घरचा नाही. दारात गाडी उभी करणारी माणसे वाढली, तशी ती चकचकीत ठेवून घेणारीही वाढली, आणि आपल्या वस्त्यांतील बरीच मुले या कामाकडे वळत आहेत. म्हणून उत्तर खाजगी न पाठविता येथेच देत आहोत. या धंद्यातील जाणत्यांजवळ बसून आणि मशिने हातात धरून जे समजले ते सांगतो. तसे उत्तर एका ओळीचे आहे : थरथरणारे घ्यावे, आणि तयार संच घेऊ नये. पण ते का, हे मुलाला कळल्याशिवाय त्या ओळीचा उपयोग नाही. या कामात हात चुकला तर तो दुसऱ्याच्या गाडीवर चुकतो, आणि भरपाई आपल्या घरातून जाते.

आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते पाहू. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. या शेवटच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात; कित्येक लहान गाड्यांवर १०० च्याही आत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. त्या हिशेबाने क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. गाडी लाखांची असो की कोटीची, तिची सगळी चमक या एवढ्याशा पापुद्र्यात आहे.

पुष्कळांचा समज असा की पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चोपडणे. मेण चोपडतात ते वेगळे. मशीनचे पॉलिश म्हणजे घासणे होय. रेघ पुसली जात नाही. रेघेच्या आजूबाजूचा थर घासून रेघेच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून रेघ दिसेनाशी होते. प्रत्येक वेळी थोडा क्लिअर कोट जातो आणि गेलेला परत येत नाही. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारे द्रव्यही याच थरात असते. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत बॉनेटवर आणि टपावर पांढुरके डाग पडतात, पोपडे सुटतात. घासता घासता तो पार निघाला, तर त्याच जागी त्याच क्षणी रंग जळाला म्हणायचे. मग आख्खा भाग पुन्हा रंगवून देण्यावाचून इलाज नाही, आणि एका बॉनेटच्या रंगाईत नवशिक्याची कित्येक रविवारांची कमाई जाते.

आता मशिनांकडे वळू. ‘पॉवरवाले’ म्हणून दाखविले ते रोटरी. त्याची तबकडी जात्यासारखी एका खुंट्याभोवती गरगर फिरते, मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे. थरथरणारे ते ड्युअल अ‍ॅक्शन. बाजारात त्याला डी. ए. म्हणतात. त्याची गती दुहेरी आहे. शाळेत शिकविले जाते की पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, तसेच हे. तबकडी लहान वर्तुळात हेलकावते आणि हेलकावता हेलकावता स्वतःभोवतीही फिरते. त्यामुळे फोमचा एकच कण एकाच जागी घासत राहत नाही आणि उष्णता एका ठिकाणी साठत नाही.

यात नवशिक्याच्या दृष्टीने मोठा गुण दडलेला आहे. डी. ए. मशीन जास्त दाबले किंवा तिरके धरले की तबकडीचे फिरणे बंद पडते. नुसती थरथर राहते आणि घासणे जवळजवळ थांबते. मुले मग तक्रार करतात की मशीनमध्ये दम नाही. वास्तविक ते मशीन त्यांच्या हाताची चूक सांभाळून घेत असते. रोटरी असे सांभाळत नाही. दाबले तर जास्त घासते, तिरके धरले तर एका कडेने खाते, दरवाजाच्या धारेवर क्षणभर रेंगाळले तर रंग घेऊन जाते. आणखी एक. नवशिक्याच्या हातचे रोटरी रंगावर लाटांसारखे पट्टे उमटविते. शेडमधल्या ट्यूबलाईटखाली ते दिसत नाहीत. गिऱ्हाईक पैसे देऊन जाते, दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी पाहते, आणि फोन येतो.

रोटरी वाईट आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात वर्षानुवर्षे रबिंग-पॉलिश करणारे कारागीर त्याच मशीनवर आरसा काढतात. ताज्या रंगावर पाण्याचा कागद मारल्यानंतरच्या कामात रोटरीचा वेग आजही उपयोगी पडतो. पण ते हात वीस वर्षांचे आहेत. आपल्या मुलाने तेथवर जरूर पोहोचावे, सुरुवात तेथून करू नये.

एका गोष्टीला मात्र आमचा साफ विरोध आहे. लोखंड कापायच्या चार इंची ग्राइंडरला पॉलिशचे पॅड लावून काम भागविणारे महाभाग ठिकठिकाणी दिसतात. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. गाडीच्या रंगाला तो लावणे म्हणजे दाढीच्या वस्तऱ्याऐवजी विळा धरण्यासारखे आहे. पॅड उडाले तर तोंडावर येते ते निराळेच.

डी. ए. घ्यायचे ठरले की दुकानदार ‘थ्रो’ विचारील. तबकडी केवढ्या वर्तुळात हेलकावते त्याचे हे माप. ८, १५ आणि २१ मिलिमीटर ही नेहमीची. २१ चे मशीन मोठ्या सपाट बॉनेटवर आणि टपावर भराभर काम उरकते, पण जेथे पत्रा वळतो तेथे अडते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बहुतेक गाड्या लहान, त्यांत सपाट भाग थोडा आणि वळणे फार. म्हणून पहिले मशीन १५ चे घ्यावे. पैसे कमी असतील तर ८ चेही चालेल, वेळ जास्त लागेल इतकेच. पाच इंची तबकडी आणि त्याहून किंचित मोठे पॅड हा मेळ बरा. पॅड तबकडीएवढेच असेल तर तबकडीची कड रंगाला लागण्याची भीती असते. जबरीने फिरणारे, म्हणजे दाबले तरी न थांबणारे डी. ए. देखील मिळते. ते दुसरे मशीन म्हणून ठीक. बॅटरीवरच्या मशीनचा मोह मुलांना फार होतो, पण बॅटऱ्या दोन लागतात, त्या कालांतराने मरतात आणि नव्या महाग पडतात. वायरवाले घ्यावे.

कंपनीचे नाव किती पाहावे? इटलीची रूपेस, जर्मनीची फ्लेक्स ही या धंद्यातील मानाची नावे आहेत आणि त्यांची मशिने दिवसभर चालण्यासाठी बनविलेली आहेत. पण साध्या मशीनच्या कित्येक पट किंमत मोजून रविवारी एक गाडी करायची, हा हिशेब बसत नाही. त्यापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात. मशीन दुकानातच दहा मिनिटे आडवे आणि उभे धरून पाहावे. वजन अडीच-तीन किलोच्या वर गेले तर संध्याकाळी मनगट बोलू लागते. वेग कमी-जास्त करण्याचे बटण असावे आणि चालू केल्यावर एकदम झटका न देता हळूहळू वेग धरावा. वायर लांब असावी. आखूड वायरीचा जोड नेमका गाडीवर लोंबतो आणि रंगाला रेघ पाडतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कार्बन ब्रश आणि तबकडी आपल्या शहरात सुटी मिळते का? ती मिळत नसेल तर स्वस्त मशीनही महागच. (पत्र मुलाबद्दल आहे म्हणून आम्ही मुलगा म्हणत आहोत. हे काम मुलगीही तितक्याच सफाईने करील. जोर लावायचा नसतोच, मशीनच्या वजनावर काम होते.)

तयार संचाला आम्ही नको का म्हटले, तेही सांगतो. वीस वस्तूंपैकी कामाच्या सहा-सात निघतात. उरलेल्यांत जाड, भुसभुशीत पॅड, जे दुसऱ्या गाडीवर वेल्क्रोपासून सुटतात. एक लोकरी टोपी, जी डी. ए. वर चालत नाही. आणि बोटभर बाटल्या. संचाने संख्या वाढते आणि पैसा भलत्या ठिकाणी जातो. जेवढे मशीनला खर्च कराल तेवढेच बाकीच्या सामानाला लागेल, असे धरूनच घराबाहेर पडावे. सगळी रक्कम मशीनवर घालून एकाच पॅडने आख्खी गाडी घासणारी मुले पाहिली की वाईट वाटते.

पॅड फोमचे असतात : कडक ते घासणारे, मधले ते पॉलिशचे, मऊ ते शेवटचा हात फिरविण्याचे. रंगावरून ओळखू नये. एका कंपनीचे नारिंगी कडक, तर दुसरीचे मधले. रंगांचा ठरलेला नियम नाही, तेव्हा बोटाने दाबून आणि वेष्टनावरचे वाचून घ्यावे. मधले सहा, कडक तीन-चार, मऊ दोन, एवढ्यात एक गाडी नीट होते. पॅड गरम होते, ओले होते, घासलेल्या रंगाच्या भुकटीने भरते. तेच पुढे चालविले तर भुकटीच रंग ओरबाडते. म्हणून दर थोड्या भागानंतर ब्रशने झाडावे आणि दोन भाग झाले की बदलावे. पॅड पातळ घ्यावे, जाड पॅडमध्ये मशीनची थरथर जिरून जाते.

औषधांविषयी फार लिहीत नाही. मध्यम घासणारे एक कंपाऊंड आणि एक बारीक पॉलिश, दोन्ही एकाच कंपनीचे, लहान बाटल्यांत. डब्यातून सुटे मिळणारे जाडेभरडे रबिंग या कामाला घेऊ नये.

ज्यावर मुले पैसे वाचवतात आणि ज्यावर वाचवू नयेत, अशा तीन वस्तू आहेत. एक चांगली टॉर्च. तिरप्या प्रकाशात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. त्या दिसल्याच नाहीत तर काय घासले आणि काय उरले हे कळणार कसे? दुसरी, मायक्रोफायबरची डझनभर मऊ फडकी. जमिनीवर पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा रंगाला लावायचे नाही. तिसरी, रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र. ते लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चालते, प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. सगळी गाडी ११० दाखवीत असेल आणि एक दरवाजा २५० दाखवीत असेल, तर तो पुन्हा रंगविलेला आहे. ५०० च्या पुढे गेले तर खाली लांबी आहे. एखाद्या जागी ७० च दिसले, तर तेथे मशीन लावायचेच नाही. हाताने मेण लावून सोडून द्यावे. ही मोजणी गिऱ्हाइकासमोर करावी, कागदावर लिहावी आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. रंगात आधीपासून काय होते यावरून पुढे वाद होत नाही, आणि मोजून काम करणाऱ्या मुलाकडे गिऱ्हाईक वेगळ्या नजरेने पाहते, हा आणखी एक लाभ.

जुन्या गाड्यांबद्दल एक खूण. काही जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. आडजागी पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर समजावे की आपण थेट रंगच घासत आहोत, आणि हात आखडता घ्यावा.

येथे त्या मुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याला वाटते की आपण या कामात नवे आहोत. खरे पाहता अर्धे काम त्याला येते. गाडीवरच्या त्या जाळ्यासारख्या रेघा येतात कोठून? बहुतांशी धुण्यापुसण्यातून. सोसायट्यांमध्ये पहाटे एकाच बादलीत वीस गाड्या पुसल्या जातात, कोरड्या धुळीवर फडके फिरविले जाते. फडक्याखालची धूळच रंग ओरखडते. बोअरचे जड पाणी उन्हात सुकले की पांढरे ठिपके बसतात. जो दोन वर्षे गाड्या धुतो आहे त्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. मशीन लावण्यापूर्वी गाडी दोन बादल्यांनी धुणे, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची, मग क्ले बारने चिकटलेली घाण काढणे, रबराच्या पट्ट्या, काळे प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या धारा यांवर मास्किंग टेप लावणे, यातच निम्मा वेळ जातो आणि निम्मी सफाई येते. धारेवर रंग सर्वांत पातळ असतो, हे त्याने मनात पक्के करावे.

शिकायचे मात्र गिऱ्हाइकाच्या गाडीवर नाही. भंगारवाल्याकडून एक जुने बॉनेट आणावे. काळे मिळाले तर उत्तम, काळ्यावर सगळे दिसते. तबकडीच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढावी. काम करताना ती रेघ फिरताना दिसली तर मशीन बरोबर चालले आहे, थांबलेली दिसली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरके आहे. दीड-दोन फूट चौरस भाग घ्यावा, पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके घ्यावेत, सर्वांत कमी वेगावर पसरावे, मग वेग वाढवून हात सावकाश, आडवा आणि मग उभा, असा चार-पाच वेळा न्यावा. पुसावे, टॉर्च मारावी. नेहमी मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने आरंभ करावा. त्याने भागले नाही तरच कडक हाती घ्यावे. आणि त्याच बॉनेटच्या एका कोपऱ्यात मुद्दाम रंग जाळून पाहावा. किती वेळात जळतो, आधी वास कसा येतो, पत्रा हाताला किती तापतो, हे एकदा जाणून घेतले की पुढे हात आपोआप उचलला जातो.

झालेले काम खरे की खोटे हेही तेथेच शिकावे. पुष्कळ पॉलिशांत तेल आणि रेघा बुजविणारी द्रव्ये असतात. पुसल्यावर गाडी आरशासारखी दिसते आणि चार धुलाईंनंतर रेघा परत वर येतात. पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून पुसले की बुजविलेले उघडे पडते. गिऱ्हाइकाला गाडी दाखविण्याआधी स्वतःला दाखविण्याची ही रीत आहे.

विजेविषयी आईवडिलांनी स्वतः लक्ष घालावे. धुण्याची जागा ओली, मशीन विजेचे आणि पायात स्लीपर. प्लग नसला की सॉकेटमध्ये उघड्या तारा काडीने खोचण्याची आपल्याकडे वाईट रीत आहे, ती येथे प्राणावर बेतेल. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा स्विच आणि जाड वायरीचे एक्स्टेंशन, यांचा खर्च मशीनच्याच खर्चात धरावा. जागा कोरडी झाल्याशिवाय मशीन लावू नये. भुकटी नाकात जाते म्हणून मास्क, डोळ्यांना चष्मा. थरथरीने बोटे बधिर होतात. तासाभराने हात मोकळे करावेत. विदर्भ-मराठवाड्यातील आमच्या वाचकांनी उन्हाळ्यात सकाळीच काम उरकावे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लावता लावता वाळते आणि मग ते निघता निघत नाही.

पैशाचे म्हणाल तर पहिल्या सामानासाठी कर्ज काढू नये, असे आमचे मत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, त्याच्या अनुदानाच्या आणि बीजभांडवलाच्या योजना आहेत. त्यांची माहिती जिल्हा कार्यालयातून आजच आणून ठेवावी. पण अर्ज करावा तो वर्षभर कामे करून, वहीत हिशेब लिहून, स्वतःचे सेंटर टाकायच्या वेळी. जमलेल्या पैशात १५ चे साधे डी. ए., पॅड, टॉर्च, फडकी आणि दोन बाटल्या बसत असतील तर एवढेच आणावे. जाडी मोजण्याचे यंत्र पहिल्या दोन-तीन कामांच्या पैशांतून घ्यावे, तोवर ओळखीच्या पेंटरकडून मागून आणावे, आणि मोजल्याशिवाय परक्याच्या गाडीला हात लावू नये. नोकरी सोडायची घाई नको. एक गाडी नीट करायला नवशिक्याला आख्खा दिवस लागतो, तेव्हा दोन तासांत करून देतो असा शब्द कोणालाही देऊ नये आणि मजुरी दिवसाच्या हिशेबाने सांगावी.

मशीन घेताना पक्के बिल घ्यावे, त्यावर मशीनचा नंबर लिहून घ्यावा, गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्यावा. आणि दुकानातच प्लग लावून, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही वेगांवर ते चालवून पाहावे.